होनिआराची वॉर टूर: हेंडरसन एअरफील्डसाठी दोन तास मागून घ्या

आम्ही ब्रिस्बेनला राहतो, आणि यंदा आप्पा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले तेव्हा त्यांना विचारलं की कुठे जायचंय, तर सिडनी नको मेलबर्न नको, म्हणाले सॉलोमन बेटांतलं ग्वाडलकनाल दाखव. आमच्या साताऱ्याकडे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे युद्धाच्या गोष्टी ऐकतच आप्पा मोठे झालेत, आणि स्वतः पीडब्ल्यूडीत पस्तीस वर्षं शाखा अभियंता म्हणून रस्त्यांवर उभे राहिलेत. ब्रिस्बेनहून होनिआरा, म्हणजे ग्वाडलकनालवरचं राजधानीचं शहर, तीन तासांची फ्लाईट आहे. म्हणजे पुण्याहून नागपूरला गाडीने जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्याहून कमी वेळात तुम्ही सॉलोमन बेटांवर उतरता, आणि उतरता तेही त्याच धावपट्टीवर, हेंडरसन एअरफील्डवर, जिच्यासाठी दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ मध्ये, सहा महिने जपानी आणि अमेरिकन माणसं मरत होती.

हा रिव्ह्यू आम्ही घेतलेल्या एका दिवसाच्या वॉर टूरचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण गाईड सोन्यासारखा माणूस आणि बाकीचा कारभार ढिसाळ, आणि नाव लिहून त्या पोराच्या पोटावर पाय द्यायची इच्छा नाही. अशा टूर तिथे बरेच जण करतात, बहुतेकांचा रस्ता एकच असतो, त्यामुळे मी लिहितोय ते कोणालाही उपयोगी पडेल.

आधी तक्रार सांगून मोकळा होतो. आठची वेळ दिलेली, गाडी आली सव्वानऊला. मागचा एसी बंद, आणि होनिआराची हवा म्हणजे मे महिन्यातली मुंबई, वर दुपारचा पाऊस. बुकिंग करताना सांगितलं सगळं धरून पैसे, पण प्रत्येक ठिकाणी जागेच्या मालकाला वेगळी फी द्यावी लागली. तिकडे त्याला कस्टम फी म्हणतात, जमीन त्या त्या कुळाची असते आणि तुम्ही त्यांच्या अंगणात जाताय म्हणून देता. ती फी द्यायला माझी अजिबात ना नाही, द्यायलाच पाहिजे, पण आधी सांगा ना, ऐनवेळी सुटे पैसे कुठून आणायचे माणसाने. आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की त्यांच्या छापील कार्यक्रमात एअरफील्डला दहा मिनिटं होती. दहा मिनिटं! पार्किंगमध्ये फोटो काढा आणि चला. ज्या एका पट्टीसाठी हे सगळं झालं तिलाच दहा मिनिटं, हे मला पटलं नाही आणि आप्पांना तर मुळीच पटलं नाही.

पण आप्पांनी गाईडला एकच प्रश्न विचारला आणि तिथून दिवस बदलला. त्यांनी विचारलं, हा भराव कोणी घातला?

गाईड हसला, ड्रायव्हरला म्हणाला गाडी बंद कर, आणि आम्हाला कुंपणाच्या कडेने चालवत घेऊन गेला. त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. जपान्यांनी जुलै १९४२ मध्ये लुंगा नदीच्या या सपाटीवर काम सुरू केलं, अडीच हजारांवर कामगार होते, त्यात कोरियातून धरून आणलेलेही बरेच. पट्टी दोन्ही टोकांकडून करत आणली होती आणि मधला तुकडा राहिला होता, तेवढ्यात ७ ऑगस्टला अमेरिकन मरीन, म्हणजे आरमाराबरोबरचं लढाऊ दल, उतरले आणि ८ तारखेला त्यांनी ती जवळजवळ लढाई न करताच घेतली. कामगार जंगलात पळाले. आणि मग ८-९ ऑगस्टच्या रात्री साव्हो बेटापाशी जपानी आरमाराने दोस्त राष्ट्रांच्या चार क्रूझर युद्धनौका बुडवल्या, त्यात ऑस्ट्रेलियाची कॅनबेराही होती, त्यामुळे मालवाहू जहाजं निम्मं सामान पोटात घेऊनच निघून गेली. म्हणजे मरीन किनाऱ्यावर, पट्टी अर्धवट, आणि यंत्रं जहाजातच राहिलेली.

मग काम कशाने केलं, आप्पांनी विचारलं. तर जपान्यांनी टाकून दिलेल्या सामानाने. त्यांचे रोलर, त्यांचे ट्रक, छोट्या रुळांवरून माती वाहणारे त्यांचे डबे. आणि खायला जपान्यांचाच तांदूळ, दिवसातून दोन वेळा. शत्रूच्या रोलरने शत्रूची पट्टी पुरी केली आणि मिडवेच्या लढाईत मारल्या गेलेल्या मेजर लॉफ्टन हेंडरसन या मरीन वैमानिकाचं नाव तिला दिलं. २० ऑगस्टला पहिली लढाऊ विमानं उतरली, १९ वाइल्डकॅट फायटर आणि १२ डॉन्टलेस बॉम्बर.

आप्पा खाली बसले, कुंपणालगतची माती चिमटीत घेऊन चोळली आणि म्हणाले, काळी आहे, पावसात हिचं काय होत असेल सांगायला नको. आणि तेच झालं होतं म्हणे. कोरडी असली की धुळीचा लोट, विमानाची इंजिनं खराब, आणि पाऊस पडला की चिखल, चाकं रुततात. पस्तीस वर्षं ज्या माणसाने आधी पाण्याचा निचरा बघा मग रस्त्याचं बोला असं ओरडून ओरडून सांगितलं त्याला हे युद्ध तिथे उभ्या उभ्या कळलं, मला मात्र पुस्तकं वाचून कळलं नव्हतं. मी आपला वैमानिक, किती पाडली, कोण हिरो, यातच अडकलेलो.

एअरपोर्टजवळ जुन्या अमेरिकन कंट्रोल टॉवरचा सांगाडा अजून आहे, तो दाखवला. जपान्यांनी बांधलेली एक लाकडी इमारत होती, तिला अमेरिकन पॅगोडा म्हणायचे, तिथूनच विमानांचा सगळा कारभार चाले, ती आता नाही, कारण ऑक्टोबरच्या तोफमाऱ्यानंतर त्यांनीच ती पाडून टाकली, लांबून नेम धरायला सोपी खूण होत होती म्हणून.

आता तो तोफमारा. १३ ऑक्टोबर १९४२ च्या मध्यरात्रीनंतर काँगो आणि हारुना या दोन जपानी युद्धनौका समोरच्या समुद्रात आल्या आणि सव्वा तासाहून जास्त वेळ या पट्टीवर चौदा इंची गोळे टाकत राहिल्या, ९७३ गोळे. एकेक गोळा माणसापेक्षा जड. ४१ माणसं मेली, ९० पैकी ४८ विमानं गेली, जवळजवळ सगळं पेट्रोल जळालं. सकाळी काय करायचं? मोडलेल्या दोन बी-१७ बॉम्बरच्या टाक्यांमधून नळी लावून पेट्रोल काढलं आणि उडता येतील ती विमानं उडवली. हे सांगताना गाईड हाताने नळी तोंडाला लावून ओढायची खूण करून दाखवत होता, आपल्याकडे स्कूटरमधून पेट्रोल काढतात तशी, आणि आप्पा मान डोलवत होते.

पण मला सगळ्यात आवडलं ते खड्डे बुजवण्याचं. १ सप्टेंबरला नौदलाची बांधकाम तुकडी आली, सीबीज म्हणतात त्यांना, सहावी बटालियन. बहुतेक जण आधी घरी बांधकामावर काम करणारे, मुकादम, मिस्त्री, यंत्रावरचे लोक. यांनी हिशोब बसवला की पाचशे पौंडाचा एक बॉम्ब पडला तर पट्टीवर अंथरलेला साधारण १६०० चौरस फूट लोखंडी पत्रा उखडतो, मग तेवढ्या तेवढ्या पत्र्यांच्या थप्प्या पट्टीच्या कडेने आधीच रचून ठेवल्या, आणि वाळू-खडी भरलेले ट्रक आडोशाला तयार उभे. विमानं गेली की ट्रक धावत सुटायचे. शंभर माणसं चाळीस मिनिटांत असा एक खड्डा भरून, दाबून, वर पत्रा बसवून मोकळी. फावडी कमी पडली तर डोक्यावरची शिरस्त्राणं काढून त्यातून माती वाहिली. एकदा त्यांचीच विमानं वर घिरट्या घालत उतरायची वाट बघत होती आणि खाली यांनी एका तासात १३ खड्डे भरले. आप्पांनी हे दोनदा विचारून घेतलं. चाळीस मिनिटं? दाबून? हो, हवेच्या हातोड्याने दाबून. मग म्हणाले, नुसती माती टाकली असती तर पहिल्याच विमानाचं चाक बसलं असतं, शहाणी माणसं होती.

वर आकाशात काय चाललं होतं तेही सांगितलंच. रबौल, जपान्यांचा मोठा तळ, इथून हजार किलोमीटर, तिथून सकाळी निघालेली जपानी विमानं दुपारी बाराच्या सुमाराला इथे यायची, रोज जवळपास तीच वेळ. वाटेत बूगनव्हिल बेटावर डोंगरात लपून बसलेले कोस्टवॉचर, म्हणजे दोस्तांचे टेहळे, रेडिओवरून कळवायचे की इतकी बॉम्बर तुमच्याकडे निघालीत, त्यामुळे वाइल्डकॅटना उंच चढायला वेळ मिळायचा. जपान्यांचं झीरो हे फायटर विमान चपळ, पण तेवढ्या लांबून आल्यावर परतीच्या पेट्रोलची काळजी, इथे जास्त वेळ घुटमळता येत नाही. म्हणजे परत तेच, ज्याच्या पायाखाली पट्टी त्याचं आकाश. आणि रबौल म्हटलं की आपण एक लक्षात ठेवलं पाहिजे. सिंगापूरला पकडलेल्या आपल्या हिंदी सैनिकांना जपान्यांनी हमालीला त्या भागात नेलं होतं, रबौलजवळच्या बिटा पाका स्मशानभूमीत त्यांच्या कबरी आहेत. आपल्याकडे हे कोणी सांगत नाही.

तिथून आम्ही एडसन्स रिजला गेलो, ब्लडी रिजही म्हणतात. पट्टीच्या दक्षिणेला गवताची एक उघडी धार आहे, वर चढलात की मागे एअरपोर्ट इतका जवळ दिसतो की पोटात गोळा येतो. १२ ते १४ सप्टेंबरच्या रात्री इथे मरीनच्या कर्नल एडसनचे आठशे-साडेआठशे लोक होते आणि जंगलातून जपानी जनरल कावागुचीचे तीन हजारांच्या घरात. धार गेली असती तर पट्टी गेली असती. खंदकांचे खळगे अजून आहेत, आता गुडघाभर उथळ झालेत, आत गवत. एका खळग्यापाशी गाईडने बोलणं थांबवलं, आम्हीही थांबलो. वारा चांगला होता वर. इथे टोपी आणि पाणी घेऊनच जा, सावली नाही, आणि वयस्क माणूस असेल तर सकाळीच चढा, आप्पांना मी मध्ये दोनदा बसवलं.

उतरताना रस्त्याकडेला एक घर लागलं आणि आप्पा थबकले. कुंपण! त्या घराचं कुंपण म्हणजे त्या पट्टीवरचे लोखंडी पत्रे, मार्स्टन मॅट, उभे करून एकाला एक अडकवलेले. दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद, एकेक तीस किलोचा. गोल भोकं पाडलेली, म्हणजे वजन कमी आणि पाण्याचा निचरा, आणि कडेला आकडे, एका पत्र्याचे आकडे दुसऱ्याच्या खाचेत सरकवायचे की झालं. आप्पांनी वितीने मोजलं, मग भोकं मोजायला लागले, एका रांगेत एकोणतीस, तीन रांगा, सत्त्याऐंशी. भोकांच्या कडा आतल्या बाजूला वळवलेल्या, त्याने पत्र्याला ताकद येते, आप्पा बोट फिरवून मला दाखवत होते. गंज चढलाय पण आकडे अजून घट्ट. एका भोकातून जास्वंदीची फांदी बाहेर आली होती, फुलासकट. घरातली बाई बाहेर आली, तिला वाटलं काही हरवलं की काय, गाईडने पिजिनमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, काहीतरी सांगितलं तशी ती हसली आणि आम्हाला बिलनट पुढे केलं, म्हणजे सुपारीच, ओली, सोबत चुना. तंबाखू सोडून दहा वर्षं झालेल्या माणसाने सुपारी मात्र आनंदाने घेतली. तागिओ तुमास एवढं म्हणायला शिका, खूप आभारी आहे, त्या दोन शब्दांनी तिथे दारं उघडतात.

व्हाउझाची गोष्टही इथेच ऐकली. जेकब व्हाउझा, निवृत्त पोलीस, इथलाच माणूस, मरीनसाठी टेहळणी करत होता. २० ऑगस्टला जपान्यांनी पकडलं, झाडाला बांधून विचारपूस केली, संगिनी खुपसल्या आणि मेला समजून सोडलं. त्याने दातांनी दोर तोडला आणि रक्त गळत असताना मरीनच्या रांगेपर्यंत पोचून सांगितलं की हल्ला येतोय. त्याच रात्री जपानी कर्नल इचिकीचे लोक एअरफील्डच्या पूर्वेच्या खाडीवर आले आणि नऊशेतले बहुतेक तिथेच मेले. व्हाउझा जगला, पुढे सर झाला, १९८४ मध्ये गेला. होनिआरात पोलीस मुख्यालयासमोर त्याचा पुतळा आहे, बघाच.

आणि मला वाटतं या टूरमध्ये सगळ्यात कमी सांगितलं जातं ते लेबर कोअरचं, म्हणजे इथल्याच लोकांच्या हमाल पलटणीचं. आमच्या गाईडचे आजोबा मलाइता बेटावरून त्यात आले होते, जहाजं रिकामी करायची, पेट्रोलची पिंपं ढकलायची, पगार महिन्याला एक पौंड. आपलं घर, आपलं बेट, युद्ध दुसऱ्या दोघांचं, आणि हमाली यांची. तिथे त्यांनी अमेरिकन काळे सैनिक बघितले, गोऱ्या सैनिकांसारखेच कपडे घातलेले, बेटावरच्या लोकांशी एका ताटात जेवणारे, आणि ब्रिटिश साहेबाने कधी असं वागवलं नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातूनच मलाइतावर नंतर मासिना रुरू नावाची, आपला कारभार आपण करायची मोठी चळवळ उभी राहिली. गाईडने हे विचारल्याशिवाय सांगितलं नाही, म्हणून विचारा.

बाकीची ठिकाणं भराभर सांगतो. स्कायलाइन रिजवरचं अमेरिकन स्मारक, ७ ऑगस्ट १९९२ ला उभारलेलं, लाल दगडी फळ्यांवर मोहिमेचा सगळा क्रम कोरलाय, सकाळी पहिल्यांदा इथे जा म्हणजे पुढचं डोक्यात बसतं. माउंट ऑस्टिनवर जपान्यांचं स्मारक आहे, शांत जागा. जपानी सैनिक या बेटाला भुकेचं बेट म्हणायचे, कारण गोळीपेक्षा उपासमारीने आणि मलेरियाने जास्त मेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये तीन रात्रींत साडेदहा हजारांवर लोकांना त्यांनी गुपचूप जहाजांतून काढून नेलं, त्यातले कितीतरी चालूही शकत नव्हते. बोनेगीला किनूगावा मारू हे जहाज किनाऱ्यालगतच पडलंय, काही भाग पाण्यावर दिसतो, पोहता येत असेल तर गॉगल घेऊन जा. होनिआराच्या पश्चिमेला विलूचं उघड्यावरचं म्युझियम, रस्ता खराब, पण तिथल्या वाइल्डकॅटचा पंख मालकाच्या माणसाने हाताने दुमडून दाखवला, ऐंशी वर्षांनी बिजागरी फिरते! तिथेच जपान्यांच्या तोफा आहेत, अशाच तोफांनी पट्टीवर लांबून मारा केला होता. आणि कुकुमला जो गोल्फ कोर्स आहे तिथे तेव्हा फायटर टू नावाची आणखी एक धावपट्टी होती, गाडीतूनच बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, लहान मुलं बरोबर असतील तर जास्तच. वाटेवरून बाजूला जाऊ नका, आणि जमिनीतलं लोखंड उचलू नका, लाथेने उकरूही नका. आप्पांना एका ओढ्याच्या काठाला गंजलेलं काहीतरी दिसलं आणि ते वाकणार तेवढ्यात गाईडने त्यांचा हात धरला, जोरात धरला, मला आधी राग आला. मग त्याने सांगितलं. २०२१ मध्ये होनिआरात लोकांनी अंगणात चूल पेटवली आणि खाली पुरलेला जुना तोफगोळा फुटला, जीव गेले. त्याच्या आदल्या वर्षी बॉम्ब शोधायचंच काम करणारे दोन परदेशी तज्ज्ञ गेले. तिथल्या पोलिसांचं बॉम्ब पथक अजून हेच काम करतंय, घर बांधायला पाया खणायचा तरी लोकांना धाकधूक. आम्ही एक दिवस फिरून आलो, ते तिथे पोरंबाळं वाढवतायत. हात धरला त्याबद्दल आप्पांनी नंतर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मार्क द्यायचे तर गाईडला पाचपैकी पाच, कंपनीला तीन. परत जाईन का, तर हो, आणि तोच गाईड मागेन.

तुम्ही जाणार असाल तर बुकिंग करतानाच स्पष्ट लिहून मागा की एअरफील्ड आणि रिजला मिळून अर्धा दिवस, विलू नको असेल तर सोडा, वेळ वाचतो. कस्टम फी कुठे किती ते आधी विचारा आणि छोट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. मलेरिया आहे, डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या, लांब बाह्यांचा शर्ट घाला. परतीच्या फ्लाईटला खिडकीची सीट घ्या, आमची सकाळची होती, विमान वळलं तेव्हा डाव्या बाजूला ती गवताची धार पूर्ण दिसली आणि आप्पा काचेला कपाळ टेकवून ती ढगात जाईपर्यंत बघत होते.